नंदीच्या पाठीवर कोण बसलं होतं

श्री. अमृतराव यांस,
मु. बेल्लमपल्ली.

भीमपूरहून नागनाथचा रामराम. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे, आणि क्वार्टरमध्ये पाणी एक दिवसाआड येते की दोन, ते नीट कळवा (मागच्या पत्रात नुसतं "ठीक" लिहिलं होतं, त्यावरून काही समजत नाही). इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, घरचे बरे आहेत. मी बरा नाही, पण हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही.

झालं असं, की हेडमास्तरांनी सहावीच्या पोरांना गावातली प्रार्थनास्थळं दाखवायचं काढलं. वर्गात कळत नाही ते तिथं कळते म्हणे. माहिती सांगायला मला बोलावलं (मी सातवी नापास असलो तरी गावात वाचन कोणाचं, हे तुम्हाला ठाऊक आहे). मी आदल्या दिवशीच टेप घेऊन तिन्ही ठिकाणं मोजून आलो. दर्ग्यात मुजावरचाचांना चौथऱ्याची लांबी दोनदा सुधारून दिली. ते हसले आणि पोरांना साखर वाटू लागले. चर्चमधले पास्टर म्हणाले, "तुमीच सांगा नागनाथराव, मी पोरांत बसतो," आणि खरंच बसले. मला तो मान वाटला.

शेवटी महादेवाचं मंदिर. तिथली झाडलोट आणि दिवाबत्ती तुमच्या थोरल्या बहिणीकडे, हे सांगायला नको. रेणुकाबाई पायरीवर बसून सांगू लागल्या, की नंदी पैनगंगेपलीकडून बैलगाडीनं आला, उतारात चाक रुतलं, ओझं हलकं करायला सगळे उतरले आणि सहा वर्षांची रेणुका तेवढी नंदीच्या पाठीवर राहिली, शिंगं धरून. बेचाळीस पोरांतलं एकही हलत नव्हतं. तेवढ्यात मी म्हणालो, "अक्का, चौथऱ्यावर १९७४ कोरलं हाये, अन् तुमच्या आधार कार्डावर जन्म १९७६ चा. मंग तुमी बसल्या कशा?" पोरं खदखदा हसली. "मंग नसन बसली मी," एवढंच बोलून रेणुकाबाई झाडू घेऊन मागच्या बाजूला गेल्या.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी पोरांना चार ओळी लिहायला सांगितल्या. एकतीस जणांनी लिहिलं, 'मंदिरातली आजी खोटं सांगते.' अकरा जणांची पानं कोरी होती, त्या अकरांवरच आता माझा भरवसा आहे. रेणुकाबाईंनी मंदिराची किल्ली पुजाऱ्याला देऊन टाकली. मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा चहा मिळाला, बोलणं मिळालं नाही. येत्या शनिवारी सातवीची पोरं जाणार आहेत. धाकट्या भावाचं त्या ऐकतील, म्हणून त्यांना पुन्हा मंदिरात बसवा.

तुमचा,
नागनाथ

ता. क. – तुमच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १९७२ चा आहे. म्हणजे जिनं तुम्हाला कडेवर वागवलं, ती तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान निघते. हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

ता. क. २ – आधारच्या फॉर्मवर ते साल मीच लिहिलं होतं. बाईंना सांगता येईना, मागं रांग मोठी, म्हणून तोंडाकडे पाहून ठोकून दिलं.

ता. क. ३ – हे मी शनिवारी बाईंसमोर, दोन्ही वर्गांच्या पोरांना सांगणार आहे. पाच मिनिटांचं ठरवलं होतं, लिहिलं तर अकरा पानं झाली. सोबत पाठवतो. त्यात माफी सोडून जे काही असेल, ते खोडून परत पाठवा. (पान चारवरची मंदिराची मापं मात्र राहू द्या, ती बरोबर आहेत.)