एकाच कुळाची झाडं

मुक्काम मळा, रिसोडजवळ
माघ वद्य पंचमी, शके १८७५

तीर्थरूप साडूभाऊ रामकिसनराव यांस धाकट्या साडूचा, म्हणजे जानरावाचा, वाकून रामराम. आपले गुडघे थंडीत कसे आहेत? आमच्या आकडसासूबाई, म्हणजे आपल्या सौ. सोजरबाई, यांचा खोकला गेला का? इकडे माणसं आणि गुरं ठीक आहेत. मी मात्र ठीक नाही, आणि त्याला कारण शेजारच्या उकंडरावाचा संत्र्याचा बगीचा. (तुम्ही काटोलकडचे, तुम्हाला संत्र्याचं काय कौतुक! पण इकडे आसपास हा एकच बगीचा, आणि तो नेमका माझ्याच धुऱ्याला, बांधाला बांध लागून असावा?)

यंदा तो फुलला. पांढरी, पाच पाकळ्यांची फुलं, आणि वास असा की मी माझ्या विहिरीवर उभा असलो तरी उकंडरावाकडे पाहुणा गेल्यासारखं वाटतं. पाणी आपलं प्यायचं आणि वास शेजाऱ्याचा घ्यायचा, हे काय जिणं झालं? तेही मी गिळलं असतं. पण तुमची मेहुणी, सौ. पंचफुला, दुपारी मला भाकरी वाढून झाली रे झाली की धुऱ्यावर जाते ती ऊन उतरेपर्यंत येत नाही. येते तेव्हा चेहरा फुललेला असतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्या मळ्यातून ती असा चेहरा घेऊन कधी आली नाही. मी जळतो, हे सरळच लिहितो. तुमच्यापासून काय लपवायचं. विहिरीजवळच्या लिंबाला मी मुद्दाम जास्तीचं पाणी घातलं, त्यालाही फुलं आली. तिने नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "चाला, लोनच्याची सोय झाली."

अशात शेतकी खात्याचे एक साहेब उकंडरावाचा बगीचा पाहायला आले. मी त्यांना हाताला धरून धुऱ्यापलीकडे, माझ्याकडे आणलं. (उकंडरावाने चहा टाकला होता. तो त्यालाच प्यावा लागला.) माझ्याकडे काय आहे? एक लिंबू, एक बेल, एक कवठ आणि चुलीमागचा, कढीत टाकायचा गोडलिंब. पण साहेब मोठे हौशी. त्यांनी प्रत्येकाचं पान चुरगळून हुंगलं, दुसरं पान उन्हाकडे धरलं आणि मला दाखवलं, तर पानभर सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके! त्यात तेल असतं, वास तिथूनच येतो म्हणाले. बेलाचं पान तीन दळांचं, कवठाचं पाच-सात दळांचं. लिंबाचं एकटं दिसतं, पण देठाशी सांधा आहे, म्हणजे कधीकाळी त्याचाही गोतावळा होता, आता एकच दळ उरलं. (मला त्या लिंबाची फार दया आली.) मी खुशीत मान डोलावत होतो, तोच साहेब म्हणाले, "जानराव, ही सगळी झाडं एकाच कुळाची, बरं का."

साडूभाऊ, माझ्या तोंडचं पाणी पळालं. सरकारने कुळांचा नवा कायदा केल्यापासून, जमीन कुळाच्या घशात जाईल या धास्तीने, आमच्याकडे 'कूळ' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. आणि माझं एकुलतं एक कूळ, लखीराम, जो विहिरीपलीकडचा तुकडा निम्म्या पिकाच्या बटईने वाहतो, तो साहेबांच्या मागेच बैलांना पाणी पाजत उभा! मी ओरडलो, "एक पान बी कुळाचं नाही! माह्या बापानं लावले हे झाडं!" साहेब शांतपणे म्हणाले, कुणीही लावली तरी कूळ बदलत नाही, आणि शेजारची संत्रीही याच कुळाची.

हे ऐकलं मात्र, माझं दुःख कुठल्या कुठे गेलं. माझं एक लिंबू, एक बेल, एक कवठ गेलं तर जाऊ द्या. उकंडरावाचा तर अख्खा बगीचा गेला! मी तसाच धावत सुटलो (धोतराचा सोगा बोराटीत राहिला) आणि तोंड शक्य तितकं पाडून उकंडरावाला बातमी दिली. तो तसाच माझ्या मळ्याकडे धावला. तडक लखीरामापुढे येऊन त्याने हात जोडले. "लखीरामभाऊ, एवढा बहार तरी घेऊ दे बाप्पा!" लखीराम बिचारा गोंधळला. "मले कायले पायजे झाडं, मालक? सावलीनं माही जवारी मरून राह्यली." शेवटी साहेबांनी खुलासा केला की कूळ म्हणजे खानदान, जमीन वाहणारं कूळ नव्हे, आणि हसता हसता ते धुऱ्यावरच बसले. आता रिसोडच्या बाजारात भाजीवालीसुद्धा गोडलिंबाची काडी हातात धरून मला विचारते, "पाटील, कोन्या कुळाची देऊ?" हात जोडले उकंडरावाने, पण त्याला कुणी हसत नाही. ज्याच्याकडे संत्री आहेत त्याला कोण हसणार?

असो. त्या बगीच्याबद्दल माझ्या मनात आता काहीएक नाही. थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
जानराव

ता. क. संत्र्याच्या फुलांच्या वासाने बायकांचं डोकं दुखतं, असं आकडसासूबाईंनी आपल्या बहिणीला कळवलं तर बरं होईल.

ता. क. दुसरा. ते राहू द्या. इकडे याल तेव्हा काटोलहून संत्र्याची चांगली कलमं आणा. उकंडरावापेक्षा पाच तरी जास्त हवीत.

ता. क. तिसरा. कलमं आणू नका. पत्र पाकिटात घालता घालता मी पंचफुलेला म्हटलं की आपलाही बगीचा होणार, मग घरबसल्या वास घे. ती म्हणाली, "वास कायचा? माहं नाक दिवाळीपासून चोंदून हाये. थे प्रयागबाई माह्यासंग बोलते, म्हनून जातो." (प्रयागबाई म्हणजे उकंडरावाची बायको.) चौदा वर्षांत मी हिच्याशी काय काय बोललो ते आठवून पाहिलं. 'वाढ', 'पुरे' आणि 'मीठ कमी आहे', याच्या पुढचं काही आठवेना. तर साडूभाऊ, तुम्ही आणि सोजरबाई संध्याकाळी ओसरीवर किती वेळ बसता, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही त्यांच्याशी कशाबद्दल बोलता, तेवढं उलट टपाली कळवा. सुरुवात कशी करायची तेही लिहा.