बोटीचा भोंगा

हर्णे, कार्तिक, सन १९२१

चिरंजीव भिकूस,

लढाईत तुझी बोट बुडाल्याचा सरकारी कागद येऊन चार वर्षं झाली. तरी तुझ्या नावाआधी दुसरं काही लिहायला हात धजत नाही.

बोटीवर खलाशाची नोकरी तुला मीच लावून दिली होती. तुझ्या लेकीला, मैनाला, ते अजून सांगितलेलं नाही.

मुंबईच्या बोटीचा भोंगा झाला की पोर बंदराकडे धावायची. कमरेभर पाण्यात शिरून बोटीवरून उतारूंना किनाऱ्याला आणणारे पडाव बघत राहायची आणि घरी आल्यावर घास तोंडात घ्यायची नाही. मग मी तिला काम लावलं. भोंगा झाला की आपण दोघांनी वाळूत सुकत घातलेली मासळी उलटायची. पहिलं वर्षभर मला तिचा हात धरून ठेवावा लागे.

आज भोंगा झाला आणि तिने मान वरसुद्धा केली नाही. म्हटलं, सुटली पोर.

तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "काका, माघारी ये. बाबा नाही यायचे."

खाली बघितलं, तर मी गुडघाभर पाण्यात उभा होतो.

तुझा,
दादा