नमुना खराब, पुन्हा पाठवा

सोमवार, ४ ऑगस्ट

आले बाई एकदाची बेंगळूरला! निपाणी सोडताना आई रडली. मी मात्र एसटीत बसल्याबसल्या चिवड्याचा डबा उघडला. कोरमंगलात पीजीची खोली, तिसरा मजला, खिडकीसमोर कुणाची तरी वाळत घातलेली बनियनं. असू देत. खोली माझी आहे.

शिवाजीनगरच्या ज्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तिथं मात्र पहिल्याच दिवशी माती खाल्ली. पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं, म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीतलं थोडं ओतलं. जांभळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं; त्यानं रिपोर्टात कॅल्शियम तळाला जातं आणि पोटॅशियम आभाळाला भिडतं. आमचे मुख्य तंत्रज्ञ बिंदुमाधव, तीन पिढ्या इथलेच मराठी, पोट धरून हसले. स्वल्प डोळे उघडे ठेव अक्का, म्हणाले. कॅल्शियम फारच कमी दिसलं की समज, नळी चुकली. सगळ्यांनी माझं नाव ‘जांभळी’ ठेवलंय. ठेवा बापडे!

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज भागीरथीबाई नावाच्या आजींचा नमुना आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं: व्हायरल तापानंतर बोटांना मुंग्या, कॅल्शियम आणि पीटीएच बघा. पीटीएच म्हणजे गळ्यातल्या डाळीएवढ्या चार ग्रंथींचं हॉर्मोन. कॅल्शियम उतरलं की ते चढतं आणि हाडांतून कॅल्शियम ओढून आणतं. आजींचं कॅल्शियम आलं साडेपाच. नऊच्या आसपास हवं. आणि पीटीएच चढलेलंच नाही! बिंदुमाधव म्हणाले, कॅल्शियम खरंच उतरलं असतं तर हॉर्मोन गप्प बसलं असतं का? नळीच चुकली. मी ऐटीत टाइप केलं: नमुना खराब, पुन्हा पाठवा. दुसऱ्याची चूक पकडल्याचा कोण आनंद मला!

संध्याकाळी आजींचा फोन आला. मराठी ऐकून खूश झाल्या. बोटं आखडतात गं, गळा आवळल्यासारखा होतो, पुन्हा कशाला टोचता, असं विचारत होत्या. मी म्हटलं, काळजी करू नका, तुम्हाला काही झालेलं नाही.

रविवार, १० ऑगस्ट

दुसरा नमुना घ्यायला आमचा माणूस गेला, तर दारात चपलांचा ढीग. आजी सकाळीच गेल्या. गळा आवळून श्वास अडकला म्हणे. बिंदुमाधव म्हणाले, वय झालं होतं. असेल.

मंगळवार, १२ ऑगस्ट

ताप. लॅबमध्ये निम्मे लोक खोकतायत, मी कशी सुटणार? अंग ठणकतंय. आईला सांगितलं, साधं व्हायरल आहे.

गुरुवार, १४ ऑगस्ट

ताप उतरला. पण ओठांभोवती मुंग्या. सकाळी हातातला कंगवा सुटेना. दुसऱ्या हातानं बोटं उचकटावी लागली. कॅल्शियम उतरलं की गालावरच्या टिचकीनं ओठ उडतो, हे शिकलेलं. आरशासमोर टिचकी मारली, तर वरचा ओठ आपोआप उडाला. पुन्हा मारली. पुन्हा उडाला.

स्वतःच स्वतःचं रक्त काढून लॅबला पाठवलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

रिपोर्ट आला. कॅल्शियम साडेपाच. पीटीएच चढलेलं नाही. खाली — नमुना खराब, पुन्हा पाठवा. माझेच शब्द.

बिंदुमाधवांना फोन केला. हसले. जांभळी ती जांभळीच, म्हणाले. मी गयावया केली: त्याच नमुन्यावर पोटॅशियमची तपासणी लावा, नळी चुकली असेल तर ते चढलेलं दिसेल. सरी, बरं, उद्या बघतो म्हणाले.

वाचत बसलेय. काही विषाणूंच्या तापात अंगातली सूज त्या ग्रंथींनाच गप्प करू शकते. मग कॅल्शियम कितीही उतरलं तरी हॉर्मोन चढत नाही.

हॉस्पिटलात जाऊ? की खरंच मीच जांभळी आधी भरली आणि तिचं औषध पिवळीत गेलं? आठवत नाही. देवा, आठवत कसं नाही! उद्यापर्यंत थांबते.

रविवार, १७ ऑगस्ट, दुपार

पीजी रिकामं. सगळ्या सुट्टीला गावी —

बोटं चोचीसारखी जुळलीत. पेन त्यातच अडकलंय. सुटत नाही, म्हणून तरी लिहितेय —

फोन वाजून वाजून थांबला. उचलता आला नाही. मेसेज दिसतोय. बिंदुमाधव. पोटॅशियम अगदी नॉर्मल, नळी बरोबर होती, ताबडतोब हॉस्पिटल गाठ, फोन उचल अक्का —

दाराला आतून कडी. कोपरानं ढकलली. हलत नाही —

ओरडले. नुसती शिट्टी वाजते गळ्यात. खाली कुणी —

आई, साधं व्हायरल —

आजींचं पोटॅशियम मी लावलंच नव्हतं. एक बटण होतं फक्त. एक —

आजी, तुमचा नमुना खराब नव्ह