आमचे हे आणि नदी

सोमवार
पोहोचलो एकदाचे! बसने हाडं खिळखिळी केली, पण खोलीची खिडकी उघडली आणि सगळा शिणवटा पळाला. खाली नदी, पलीकडे पडक्या देवळांची रांग, मागे निळे डोंगर. हे निवृत्त झाल्यापासून नुसतं "जाऊ, जाऊ" चाललं होतं. शेवटी सूनबाईनेच तिकिटं काढून हातात ठेवली. हे चित्रकलेचे मास्तर, त्यामुळे चहाच्या आधी पेन्सिल बाहेर! घरमालकीणबाई मायाळू आहेत. त्यांचे यजमान याच नदीत बुडाले, देह सापडलाच नाही. सांगताना त्या सारख्या ह्यांच्याकडे बघत होत्या.

मंगळवार
दिवसभर देवळांतून भटकलो. छपरं गेलेली, खांब अर्धे पाण्यात. हे पायऱ्यांवर चित्र काढत बसले होते. एक नावाडी जवळून जाताना ह्यांना म्हणाला, "आलात का परत?" ह्यांनीही हसून हात हलवला. मागच्या जन्मीची ओळख दिसतेय, म्हणून मी घरी येईपर्यंत चिडवलं.

बुधवार
हे दाढी करायला गेले आणि मिशी उतरवून आले! लग्नापासूनची मिशी. न्हाव्याने म्हणे "नेहमीसारखंच ना?" म्हणत थेट वस्तरा फिरवला. एरवी ह्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज नुसते ओठावरून बोट फिरवत राहिले. संध्याकाळी मालकीणबाईंनी बिनसाखरेचा चहा दिला, तोही मुकाट्याने प्यायले. घरी साखर जरा कमी पडली की कप परत येतो.

गुरुवार
सकाळी हे एकटेच त्या बुडालेल्या देवळात जाऊन आले. कमरेपर्यंत ओले. दारातून हाक मारली, "अगं, ऐकलंस का?" मी सवयीने "काय हो" म्हणत उठले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे मालकीणबाई उभ्या होत्या.


शुक्रवार
ह्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही एकट्याच आलात का?"
थट्टा पुरे, म्हटलं. थट्टा नव्हती. अगदी अदबीने विचारत होते.
मुलाला फोन लावून ह्यांच्या हातात दिला. क्षणभर ऐकलं, राँग नंबर म्हणाले आणि परत दिला.
मुलगा निघतोय.

शनिवार
मालकीणबाईंना धरून गदागदा हलवलं. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मी रोज नदीत उभी राहून माझा माणूस मागत होते हो, तिने दिला. कुणाचा काढून दिला, ते मला कुठे ठाऊक? मग डोळे पुसून म्हणाल्या, तुम्हीही मागा.
आतून ह्यांचं हसणं ऐकू आलं. माझ्यासोबत असं कधी—
गेले. पाण्यात उभी राहिले. मागितलं.

रविवार
दारात माणूस. निथळतोय. ठेंगणा, पांढरी दाढी— हे नव्हेत. जन्मात पाहिलेला नाही. माझं माहेरचं नाव घेऊन हाक मारतोय—
कडी लावली.
मुलाचा आवाज. सुटले! दार उघडलं—
त्याने त्या माणसालाच मिठी मारली. "बाबा, एवढे भिजलात कसे?"
ओरडले, हे तुझे बाबा नव्हेत. तो म्हणतो, आई, असं काय करतेस— डोळ्यांत पाणी त्याच्या—
म्हातारा कुडकुडतोय. कुणीतरी बाई आत्ता ह्याला शोधत—
टॉवेल मागतोय. मी देणार नाही. नाही म्हणजे—
ओठ निळे पडलेत. उठायला हवं. ह्यांना टॉवेल—