दोघांना एकच प्रोग्राम

१४ मार्च २०२४, गुरुवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे.
केबलांना चिठ्ठ्या चिकटवून नुकताच टेकलो आहे.

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. तुमची पाठ कशी आहे? मामीने विणलेला स्वेटर अगदी मापात बसला. सर्व्हर रूमच्या गारठ्यात रोज घालतो.

सर्व्हर विकत घेण्याआधी आमच्या बँकेने तुमचा आणि दुसऱ्या कंपनीचा नवा, असे दोन प्रोसेसर पारखले. शुक्रवारी निकाल लागला आणि बँकेत सगळे म्हणू लागले, तुमच्या कंपनीचा प्रोसेसर जिंकला. मामीने लगेच आईला फोन केला, “आता ह्यांचं ऑफिस बंद होत नाही!”

मामा, ती चाचणी मी लावली होती. भाच्याने मामाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून दोन्ही सर्व्हरवर एकच प्रोग्राम ठेवला. तीनदा ताडून पाहिला. तिथेच चुकलो. तो तुमच्या प्रोसेसरसाठी बांधलेला. नव्या प्रोसेसरला त्यातल्या आज्ञा कळतच नाहीत. प्रत्येक आज्ञा आधी आपल्या भाषेत करून घ्यायची, मग कामाला लागायचं. मागे पडणारच.

हे सोमवारी ध्यानात आलं. दोन दिवस गप्प बसलो. दहावी नापास झाल्यावर माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर तुम्हीच दिलात.

काल आमच्या विभागाच्या मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, “शहाण्या, दोघांना एकच पेपर दिलास, तोही एकाच्याच मातृभाषेत!” नव्यासाठी प्रोग्राम वेगळा बांधून पुन्हा चाचणी घेतली. नवा बराच पुढे गेला.

मग मी आणखी एक चाचणी मागून घेतली, तुम्ही शिकवलेली. चालू सर्व्हरमधून मेमरीची एक पट्टी उपसली. नवा जागच्या जागी बंद पडला. तुमचा पठ्ठ्या हूं की चूं न करता चालत राहिला. मॅडम म्हणाल्या, “खात्यांचं काम ह्याच्यावरच ठेवू, बाकीचं नव्यावर.” म्हणजे तुमच्या कंपनीला ऑर्डर निम्म्याहून कमी. तेवढ्यावर तुमचं ऑफिस टिकेल का, मला ठाऊक नाही.

“आणि नव्यांची देखभाल कोण करणार?” त्यांनी विचारलं.

“मामा शिकतील.”

“वय काय त्यांचं?”

“बावन्न. पण माझ्याआधी शिकतील.”

त्यांनी बँकेतल्या ह्या कामासाठी तुमचं नाव लिहून घेतलं. तुम्हाला न विचारता बोललो, हीही चूकच.

येत्या सोमवारी दहा वाजता बँकेत नव्या सर्व्हरची शिकवणी सुरू होते. माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवतो. रागवायचं असेल तर तिथे येऊनच रागवा.

तुमच्या विरुद्ध खरं बोललेला, तरी तुमचाच,
भाचा