भस्माचं शिखर

॥ श्री ॥
सातारा, २६ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुहासिनीस, अनेक आशीर्वाद.

पार्सल धाडते आहे. तीळगूळ जनार्दनरावांचा, पायमोजे तुझे. त्यांच्या आजारपणात केदारनाथाला नवस बोललीस, दर्शन होईतो गोड सोडलंस, त्याला चार वर्षं झाली. आता दम्यामुळे डॉक्टर केदारला जाऊ देत नाहीत. अशीच बिनगोडाची राहणार का, या काळजीनं घास उतरत नाही. गुरुजींनाही तोड सुचत नाही.

तुझी ताई,
विजयालक्ष्मी


॥ श्री ॥
सरे (कॅनडा), २० जानेवारी २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. तीळगूळ पाव किलो, पायमोजे दोन जोड. टपालहशील मालाहून जास्त! पुन्हा असा उधळेपणा करू नकोस.

काल शुभंकरनं बर्फाच्या डोंगरावर नेलं. गोंडोला म्हणजे तारेवरून वर जाणारा काचेचा पाळणाच. तिकिटाचा आकडा ऐकून मी खालीच बसते म्हटलं, पण लेकानं तिकिटं आधीच काढलेली. वर नुसते ढग. ऊर्मी इंग्रजीत कुरकुरली, की इथं काहीच नाही, घरी चला. मी म्हटलं, पैसे वसूल झाल्याखेरीज आजी हलणार नाही.

आणि ताई, ढग सरले. समोर शिखर, अंगभर भस्म फासून बसलेलं. केवढं मोठं, आणि किती गप्प! देवळाच्या पायरीशी करतो तेच हातून झालं. बूट काढले आणि तुझ्या पायमोज्यांनिशी बर्फात डोकं टेकलं. सूनबाई यामिनी ओरडली, की आई, फ्रॉस्टबाइट होईल, बोटं जातील! हे खाली बसून स्वतःच्या बुटांचे बंद सोडू लागले. मग ऊर्मीनंही काढले. शुभंकर तीन जोड सांभाळत उभा, देवळाबाहेरच्या चपलांच्या राखणदारासारखा.

केदारला बोलले होते, तो इथं येऊन भेटला. माझ्या मनात किंतु नाही. गाडीत यांनी तुझ्या तिळगुळाची वडी पुढे केली, मी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं गं. गुरुजींना खुशाल विचार, पण खाल्लेली वडी आता परत येत नाही.

एक मात्र कळलं, तुझा पाक कच्चा राहिला होता. पुढची संक्रांत मी करणार. दमा बेताचा आहे, बोटं सगळी शाबूत. लोभ आहेच, तो वाढू दे. गुळाचं प्रमाण उलट टपाली कळव.

तुझी,
सुहासिनी