भागीचं कलम

१२ जून १९८६
मामा शिरगावहून आले, मांडीवर कुंडी धरून. वाटणीत आंब्याखालची जमीन बिल्डरकडे गेली, झाड परवा पाडलं. त्याआधी फांदीला रानटी आंब्याचं रोप बांधून साधलेलं हे एकच कलम. हिला सांगत होते, "भागी म्हंजे माजी आजी. तिनं चोखून उकिरड्यावर टाकलेल्या कोयीचा ह्यो आंबा, म्हनून ह्यो बी भागी. तसला दुसरीकडं नाय."
मी ऐटीत म्हटलं, काळजी सोडा. कंपाऊंडपाशी लावलं.

३ ऑगस्ट
कलमाच्या जोडाखालून, म्हणजे रानटी रोपालाच, दोन फुटवे. तिथलं फुटेल ते खुडायचं, मामांनी बजावलं होतं. पण इतकी तांबूस, कोवळी पानं... हात होईना. हिने हटकलं. म्हटलं, फॅक्टरीत अख्खं खातं सांभाळतो, एक रोप नाही का सांभाळणार?

१९ नोव्हेंबर
जोडाच्या वरचं सगळं वाळलं. नखाने खरवडलं, आत हिरवं नाही. खालचं रानटी मात्र जोरात. बिल्डरने झाड पाडलं, भागी मी घालवली.
मामांना कळवायला हवं. बघू.

१० मे १९८७
नात्यातलं लग्न. पंगतीत मामा सगळ्यांना सांगत होते, "आमची भागी भाच्याकडं हाय." मी म्हटलं, हो, छान आहे. जिलबी पानातच ठेवून उठलो.

१५ मे १९९४
त्या रानट्याला यंदा पहिल्यांदाच आंबे. दोनदा झाडच तोडायला निघालो होतो, नाही जमलं. ही म्हणते, पहिलं फळ कलम देणाऱ्याच्या घरी जातं, रीत आहे. आणि मामांना काय सांगू?

२२ मे, रवि.
गेलो शिरगावला. मामांना आता नीटसं दिसत नाही. आंबा देठाशी हुंगला. भागीला तिथे कापराचा वास असायचा. सावकाश चोखला.
"मामा, ही भागी नाही. कलम पहिल्याच वर्षी मेलं. माझ्यामुळे."
त्यांनी कोय चोखून साफ केली. मग, "गोड हाय पण. भागी तरी कुनी लावली होती? ह्याचं नाव काय ठेवलंस?"
कोय धुऊन त्यांनी खिशात टाकली. रागावले असते तर बरं झालं असतं.

२४ मे
ही उरलेले आंबे शेजारी वाटतेय. सगळे विचारतात, कुठला आंबा? भागी म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरं नाव दिलं, तर भागी गेली ती कायमची.
मामांचा निरोप आलाय, नाव कळव.